मुंबईकरांचा रविवार आणि सह्याद्रीची वाट

शनिवारी मुंबईहून निघावे, रात्र सह्याद्रीतील एखाद्या किल्ल्यावर काढावी आणि रविवारी दिवेलागणीनंतर घरी परतावे, हा बेत आज मुंबईतील मध्यम स्थितीच्या घरांतून इतक्या सहजतेने ठरतो, की त्यात काही नवल आहे असे कोणास वाटत नाही. पाचसहा मित्र जमतात, गाडीची वेळ पाहतात, शिधा कोणी आणावयाचा आणि भांडी कोणी, याची वाटणी होते आणि बेत पुरा होतो. वस्तुतः या लहानशा बेताच्या पोटात पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. डोंगर पुरातन खरा. परंतु केवळ मौजेखातर डोंगरावर जाण्याची कल्पना, पायथ्यापर्यंत दोनतीन तासांत नेऊन सोडणारी गाडी, आणि मुख्य म्हणजे त्यासाठी लागणारा हक्काचा मोकळा दिवस, या गोष्टी अर्वाचीन आहेत. त्यांपैकी एकही कोणी मुंबईकराच्या ओंजळीत फुकट टाकलेली नाही. गाडीची किंमत कोणी दिली आणि रविवारची कोणी, हे पाहू गेल्यास ज्यांना त्या दोहोंचा फारसा उपभोग घेता आला नाही अशीच माणसे पुढे उभी राहतात.

पूर्वी घाटांतून वर्दळ नव्हती असे मात्र नाही. नाणेघाटाच्या माथ्याजवळील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचे नाव सांगणारा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे, आणि त्याच्या आसपास खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, अशी परंपरा सांगतात. कल्याणच्या बंदरातून जुन्नरकडे जाणारे व्यापारी, त्यांचे लादलेले बैल, भिक्षू, पुढील काळात फौजा आणि लमाणांचे तांडे, असे सर्व या वाटांनी शतकानुशतके चढले आणि उतरले. परंतु त्यांच्यापैकी कोणीही घाट पाहण्यास आलेला नव्हता. घाट ही त्यांच्या लेखी ओलांडावयाची अडचण होती. पलीकडे काम होते म्हणून ते चढले. काम नसते तर चढले नसते. असे असूनही ती टाकी खोदणाऱ्यांची दूरदृष्टी मोठी म्हणावी लागेल. डोंगरातील प्रवासाचा पहिला प्रश्न पाण्याचा आहे, हे त्यांनी ओळखले होते, आणि आजही बेत आखताना तोच प्रश्न पहिला असतो.

खुद्द मुंबईच्या माणसास त्या काळी सह्याद्री दिसे तो क्षितिजावर. पुण्यास जावयाचे तर होडीतून खाडीने पनवेल गाठावे लागे, आणि त्यातही भरतीओहोटीची मर्जी सांभाळावी लागे. पनवेलहून चौकावरून खोपोली, आणि तेथून घाट. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, म्हणजे १८३० साली, भोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, आणि तेव्हापासून चाकाची वाहने वर जाऊ लागली. तथापि सामान्य माणूस पायीच चढे. सधन असेल तर तट्टू किंवा पालखी करी. ज्या काळात नुसते पायथ्याशी पोचावयास दिवस मोडे, त्या काळात ‘उद्या जाऊन परवा येतो’ असे म्हणणाऱ्यास लोकांनी वेड्यात काढले असते.

याच पनवेल-खोपोली रस्त्यावर चौक येथे मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांचा मुक्काम होता. समोर सपाट माथ्याचा, दाट झाडीचा डोंगर दिसत होता. साहेब त्याच्यावर चढून गेले. हल्ली ज्याला वन ट्री हिल म्हणतात त्या टोकाच्या बाजूने ते वर गेले आणि रामबागेच्या बाजूने उतरले. वरची थंड हवा त्यांच्या मनात भरली आणि त्यांनी तेथे पुन्हा जाऊन घर बांधले. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीही तेथे आपला बंगला उठविला आणि माथेरान नावारूपास आले. इंग्रजी ग्रंथांतून या प्रसंगास माथेरानचा ‘शोध’ असे म्हटलेले असते. त्या रानात धनगर, ठाकर आणि कातकरी पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. तेव्हा शोध कोणी कोणाचा लावला, हा वाद न काढलेला बरा. एवढे खरे, की कामाशिवाय, केवळ हवेसाठी आणि देखाव्यासाठी डोंगर चढण्याची रीत मुंबईच्या आसमंतात येथून दिसू लागते. पण ती कलेक्टराची आणि गव्हर्नराची रीत होती. त्यांना वेळ होता, नोकर होते, तंबू उभारणारे लष्कर होते. कारकुनाच्या किंवा मजुराच्या आयुष्यात तिला जागा नव्हती.

तशी जागा होण्यास प्रथम आगगाडी यावी लागली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, ती २१ मैलांची. पुढल्या वर्षी रूळ कल्याणास पोचले आणि १८५६ साली थेट खोपोलीपर्यंत गेले. १८५८ साली घाटमाथ्यावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचाही मार्ग सुरू झाला. मध्ये उरला तो घाट. या मधल्या वर्षांत उतारू खोपोलीस उतरत, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढत आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसत. विसाव्या शतकातील पदयात्रिक जो चढ हौसेने चढला, तो त्या उतारूंनी नाइलाजाने आणि बहुधा कुरकुरत चढलेला आहे.

भोरघाटातील लोहमार्गाची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. मुख्य इंजिनिअर जेम्स जॉन बर्कली यांनी बरीच वर्षे डोंगरांची पाहणी करून मार्ग आखला. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढावयाचे; कोठे कोठे ३७ फुटांमागे एक फूट असा चढ; २५ बोगदे; दऱ्यांवरून नेलेले ८ मोठे कमानींचे पूल. १८५६ साली काम सुरू झाले. कड्यांवरून दोर सोडून, त्यांना लोंबकळत माणसे सुरुंगाची भोके पाडीत. पावसाळ्यात काम जवळजवळ थांबे आणि पावसाळा सरताच पुन्हा हजारो माणसे गोळा करावी लागत. पहिल्या कंत्राटदाराच्या कारकीर्दीत मजुरीच्या थकबाकीवरून १८५९ च्या आरंभी घाटात दंगल झाली आणि त्याच वर्षी त्याने काम सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच मरण पावला. त्याची विधवा अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडले नाही. जाणते इंजिनिअर हाताशी धरून तिने ते शेवटास नेले. त्या काळात एका बाईने एवढे काम अंगावर घेतले ही गोष्ट असामान्य आहे, आणि इतिहासकारांनी तिची नोंद केली आहे हे उचितच झाले.

ज्यांची नोंद नाही, त्यांची संख्या मात्र फार मोठी आहे. १८६१ साली घाटात एकाच वेळी ४२,००० माणसे कामावर होती. त्यांत बायका होत्या, मुले होती. पटकी आणि ताप यांनी, दरडी कोसळून, सुरुंग उडून त्यांच्यापैकी हजारो त्या डोंगरातच राहिले. कोणत्या गावचे, कोणाचे कोण, हे कोणासही सांगता येणार नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. घाटात एका ठिकाणी गाडीस तोंड फिरवून उलट दिशेने चढावे लागे. ही खटपट १९२९ साली नवीन बोगद्यांनी संपविली. थळघाटाचा मार्ग १८६५ साली पुरा झाला आणि कसाऱ्यावरून इगतपुरीकडचा, कळसूबाईचा आणि अलंग-मदनाचा प्रदेशही गाडीच्या टप्प्यात आला. अशा रीतीने मुंबईपासून सह्याद्रीच्या दोन दरवाजांपर्यंत लोखंडी वाट तयार झाली.

परंतु गाडी असून काय उपयोग, जर दिवस मोकळा नसेल! येथे इतिहासाचे दुसरे पान उलटावे लागते. पुष्कळ सुशिक्षितांची अशी समजूत असते, की रविवारची सुटी इंग्रजांनी आणली आणि ती सर्वांस एकदम मिळाली. हे निम्मेच खरे आहे. सरकारी कचेऱ्या, न्यायालये आणि मिशनरी शाळा ख्रिस्ती चालीप्रमाणे रविवारी बंद असत. त्यामुळे कारकून, वकील आणि मास्तर यांना रविवार आपोआप मिळाला. पण १८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली आणि तीसेक वर्षांत शहराचा मध्यभाग धुराड्यांनी भरून गेला, त्या गिरण्यांतील कामगारांस हा नियम नव्हता. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा तितके कामही अधिक. आठवड्याची ठरलेली सुटी नाही. मोठे सण येतील तेव्हा गिरणी बंद, आणि रविवारी पुष्कळदा यंत्रे पुसण्यासाठी यावयाचे. एकाच शहरात रविवार असलेली माणसे आणि रविवार नसलेली माणसे शेजारीशेजारी राहत होती.

हा भेद ज्याने बोलून दाखविला आणि मोडून काढण्याचे मनावर घेतले, तो गृहस्थ म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ साली ठाण्याचा, शिक्षण बेताचे, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचा अनुयायी. नोकरीनिमित्त गिरणीच्या आतले जग त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. ‘दीनबंधु’ पत्र मुंबईतून त्यांनी चालविले आणि १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्याच वर्षी सप्टेंबरात कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे ५,५०० जणांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्या अर्जातील मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या माफकपणाचेच आश्चर्य वाटते. दर रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा असावा. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावे. पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. कामावर अपंग झालेल्यास काही आधार मिळावा. बस्स, एवढेच. या एवढ्याकरिता सहा वर्षे जावी लागली.

रविवारच का, असा प्रश्न तेव्हा झालाच असणार. त्यावर लोखंड्यांनी दिलेले उत्तर असे सांगितले जाते, की रविवार हा खंडोबाचा वार आहे. उत्तर चतुर होते. साहेबाच्या देवळाची सुटी मागण्याऐवजी आपल्या कुलदैवताच्या दिवसावर हक्क सांगणे गिरणीतल्या देशावरच्या माणसास अधिक पटण्याजोगे होते. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली. त्या काळच्या सुशिक्षित घरांतील स्त्रियांना चारचौघांत बोलणे किती अवघड होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. अखेरीस १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली, आणि पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने आठवड्यातील एका सुटीस सरकारी आधार मिळाला. लोखंडे यांना १८९५ साली रावबहादूर किताब मिळाला. पुढे दोनच वर्षांनी, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करीत असता तेच प्लेगने गेले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

ज्याच्यासाठी हा रविवार मिळाला, त्या कामगाराने त्या दिवशी डोंगर चढला का? अर्थातच नाही. तो झोपला, त्याने कपडे धुतले, गावी पत्र लिहवून घेतले, भजनास किंवा तमाशास गेला. साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या डोंगरकपारीतून तो मुंबईस आलेला. डोंगर चढण्याची हौस त्याने लहानपणी गुरे राखताना पुरी केली होती. डोंगर ही मौज आहे, असे वाटावयास मधे एक पिढी शहरात जावी लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चाळींतून पाठीवर पिशव्या टाकून निघालेल्या मुलांत गिरणी कामगारांची मुले आणि नातवंडे पुष्कळ होती. बापाने सोडलेल्या घाटवाटा मुलाने सुटीत पुन्हा तुडविल्या.

मध्यंतरी सोयीही वाढत गेल्या. १९०४ ते १९०७ या वर्षांत अब्दुल हुसेन आदमजी पीरभाय यांनी नेरळहून माथेरानवर दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी गाडी नेली. सुमारे २१ किलोमीटरांची ही वळणावळणांची वाट घराण्याच्या पैशातून झाली, आणि त्यामुळे माथेरान बंगलेवाल्यांचेच न राहता चार दिवसांची ऐपत असणाऱ्यांचेही झाले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर आणि कुर्ला यांच्या दरम्यान देशातील पहिली विजेची गाडी धावली, आणि तीस सालच्या सुमारास घाटातही विजेची इंजिने आली. १ जून १९३० रोजी ‘दख्खनची राणी’ सुरू झाली. आरंभी ती शनिवार-रविवारच्या प्रवाशांची, त्यातही पुण्याच्या घोडशर्यतींच्या शौकिनांची गाडी होती. गाडीचे वेळापत्रक आठवड्याच्या सुटीकडे पाहून आखावे, हेच तिचे नवेपण.

शनिवारचा प्रश्न मात्र बराच काळ अर्धवट राहिला. कचेऱ्यांत शनिवारी अर्धा दिवस काम असे. म्हणून जुन्या पदयात्रिकांचा बेत शनिवारी दुपारनंतरच सुरू होई, आणि पायथा गाठेपर्यंत अंधार पडे. कंदिलाच्या किंवा विजेरीच्या उजेडात चढण्याची त्यांची सवय हौसेपेक्षा कचेरीच्या घड्याळातून निर्माण झालेली होती. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत १९८५ साली पाच दिवसांचा आठवडा आला. बँकांना २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला. महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून सर्व शनिवार मिळाले. दुकानांतून, उपाहारगृहांतून आणि घराघरांतून राबणाऱ्या असंख्यांस आजही शनिवार नाही आणि कित्येकांस रविवारही नाही.

दिवस आणि गाडी मिळाल्यावर उरली ती वाटेची माहिती. विसाव्या शतकाच्या आरंभी चिंतामण गंगाधर गोगटे यांनी महाराष्ट्रातील किल्ल्यांवर ग्रंथ लिहिला. स्वातंत्र्यानंतर गो. नी. दांडेकर यांनी गडांवर राहून आणि गडांवर लिहून मराठी घरांना त्यांचे वेड लावले. १९४९ साली यूथ होस्टेल्सची संस्था भारतात स्थापन झाली. १९५४ साली मुंबईत गिरिविहार ही गिर्यारोहणाची संस्था निघाली. हरीश कापडिया यांच्या इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकाने कोणती गाडी, कोठे उतरावे, पाणी कोठे, हे नेमके सांगितले. परंतु या सर्वांच्या आधीचा आणि सर्वांत विश्वासू ग्रंथ म्हणजे पायथ्याच्या गावातला माणूस. ठाकर, महादेव कोळी, धनगर यांनी दाखविलेल्या वाटाच पुस्तकांत उतरल्या आहेत.

आता प्रत्यक्ष बेताकडे वळावे. नवख्याने पहिल्या खेपेस राजमाची घ्यावी, असे सांगण्याची जुनी पद्धत आहे आणि ती शहाणपणाची आहे. राजमाचीस श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, मध्ये सपाटी, आणि सपाटीवर उधेवाडी हे छोटे गाव. प्राचीन काळी बोरघाटाने जाणाऱ्या मालावर येथून नजर ठेवीत. १८१८ साली तो इंग्रजांकडे गेला. वर जाण्यास दोन वाटा आहेत. एक लोणावळ्याहून तुंगार्लीवरून, सुमारे १५ किलोमीटरांची, लांब परंतु फारशी चढाची नव्हे. दुसरी कर्जतकडून, कोंदिवड्यावरून, कोंडाण्याच्या लेण्यांपाशी जाणारी. पायथ्यापासून श्रीवर्धनच्या माथ्यापर्यंत अडीच हजार फुटांहून अधिक चढ. ज्याचे गुडघे तरुण असतील त्याने कर्जतकडून चढावे आणि लोणावळ्याकडे उतरावे. कर्जतकडची वाट चढताना दम काढते, पण उतरताना गुडघे काढते, आणि दुसरे दुखणे अधिक दिवस टिकते.

मुंबईहून कर्जत सुमारे १०० किलोमीटर. शनिवारी सकाळची लवकरची गाडी धरली तर ऊन चढण्यापूर्वी कोंडाण्यास पोचता येते. ही बौद्ध लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. येथील चैत्यगृहात लाकडी बांधणीची दगडात केलेली नक्कल पाहण्यासारखी आहे. येथे अर्धा तास बसावे. तो वेळ फुकट जात नाही, कारण पुढे खरा चढ आहे. दर माणशी तीन लिटर पाणी बरोबर हवे. पाठीवरचे ओझे ज्याचे त्याने उचलावे आणि घरी एकदा उचलून पाहावे. घरच्या जमिनीवर हलके वाटणारे ओझे चढावर दुप्पट होते. एक चादर, एक गरम कपडा, विजेरी, जखमेवर बांधावयाची पट्टी, थोडा गूळ आणि दाणे. स्वयंपाकाचा मोठा संसार वर नेण्याची हौस नवख्यांना असते. तिला आवर घालावा. उधेवाडीतील घरांतून भाकरी, पिठले आणि भात मिळतो, पण आधी निरोप गेलेला असावा. वीस माणसे रात्री आठ वाजता एखाद्या अंगणात उभी राहून जेवण मागू लागली, तर त्या घरच्या बाईने काय करावे?

मुक्काम तंबूत करावयाचा की गावातील ओटीवर, हा आवडीचा प्रश्न आहे. तंबू लावावयाचा असेल तर गावकऱ्यांस विचारून जागा घ्यावी; जी जमीन शहरवासीयास माळ वाटते ती कोणाची तरी खाचर असते. गावाजवळ जुने दगडी तळे आणि शंकराचे प्राचीन देऊळ आहे. तळ्यात साबण नेऊ नये. हे सांगावे लागते, याचेच वाईट वाटते; कारण नाणेघाटात टाकी खोदणाऱ्या अनामिकांनी जे पाणी पुढच्या वाटसरूसाठी राखले, ते एका सकाळी नासविण्यास चार माणसे पुरतात.

ऋतूचाही विचार हवा. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ मुक्कामास उत्तम. मार्चनंतर ऊन असह्य होते आणि कित्येक गडांवरील टाकी आटतात. मेअखेर ते जूनच्या आरंभी राजमाचीच्या झाडांवर काजव्यांची लक्षावधी ठिणगी पेटते, आणि ती पाहण्यास अलीकडे इतकी गर्दी लोटते, की विजेऱ्यांच्या झोतांत काजवेच दिसेनासे होतात. पावसाळ्यात धबधब्यांपाशी दरवर्षी माणसे बुडतात, आणि त्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांना ठिकठिकाणी मनाईहुकूम काढावे लागतात. २०२५ साली रायगड, राजगड, लोहगड आदी बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. हा मान मोठा आहे. पण लोहगडाच्या अरुंद दरवाजांतून पावसाळी रविवारी होणारी चेंगराचेंगर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या मानाची थोडी धास्तीही वाटल्यावाचून राहत नाही. बेत आखणाऱ्याने या दिवसांत प्रसिद्ध नाव टाळून अप्रसिद्ध गड निवडावा आणि गावात चौकशी करून जावे. दूरध्वनीच्या पडद्यावर दिसणारी वाट पावसात वाहून गेलेली असते, हे गावातल्या पोरासही ठाऊक असते.

शनिवारी संध्याकाळी श्रीवर्धनच्या माथ्यावर जावे. समोर उल्हास नदीची खोल दरी, पलीकडे खंडाळ्याचे कडे, आणि त्या कड्यांच्या कमरेवरून जाणारा लोहमार्ग. अंधार पडल्यावर गाडीचे दिवे एका बोगद्यातून निघून दुसऱ्यात शिरताना दिसतात. बेचाळीस हजार माणसांनी जेथे काम केले ती हीच भिंत. सोबत कोणी जाणता असेल तर त्याने तरुण मंडळींना ही हकीकत येथेच सांगावी. खाली गेल्यावर ऐकण्यास कोणास वेळ नसतो.

रविवारी सकाळी मनरंजन पाहून, जेवणाचे पैसे घासाघीस न करता देऊन, आपला केरकचरा आपल्याच पिशवीत बांधून दहाच्या आत निघाल्यास दुपार टळण्यापूर्वी लोणावळा येते. तेथून मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांत रविवारी बसावयास जागा मिळेल, अशी आशा धरू नये. घाट उतरताना गाडी मंकी हिलपाशी ब्रेक तपासण्याकरिता थांबते, आणि उजव्या हातास दरीपलीकडे राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले दिसतात. दारात उभ्या असलेल्यांना ते नीट दिसतात. मग गाडी पुन्हा हलते, कर्जतला काही उतारू उतरतात, बाकीचे कल्याणपर्यंत उभ्यानेच येतात. दुसऱ्या दिवशी सोमवार असतो.